वदादच्या नावाचा कागद

टोलीडो, ९ मार्च १९९८

प्रिय वदाद,

आईचे हात माझ्यातर्फे कपाळाला लाव आणि मग हे पत्र खाली बसून वाच. दर वेळी तू चुलीपाशी उभ्या उभ्या अर्धं वाचतेस आणि उत्तरही त्या अर्ध्यालाच देतेस.

तुझा परत यायचा परवाना २९ जूनला संपतो. वकिलाला गाठून, फोटो काढायला तुला स्वतःच्या गाडीतून नेऊन मी तो काढला, म्हणून दोन वर्षं तू तिकडे लेबनॉनमध्ये आईच्या उशाशी निवांत बसली आहेस. नाहीतर ग्रीन कार्डवाल्याने वर्षाच्या वर देशाबाहेर राहिलं की कार्ड मेलंच म्हणून समजायचं. तेव्हा २९ जूनच्या आत तुझा पाय अमेरिकेच्या जमिनीवर लागला पाहिजे. एक दिवसही इकडेतिकडे चालणार नाही. ही काही झहलेची बस नव्हे, ड्रायव्हर ओळखीचा आहे म्हणून थांबायला.

आईला बघायला शेजारची जमीले आहेच. तिला सांग, अमेरिकेहून नखले दर महिन्याला काहीतरी पाठवील. इकडे दुकानात तुझ्यावाचून अडलंय. तुझ्या भावजयीचे, ॲडेलचे, गुडघे गेलेत, तिने केलेले खिम्याचे किब्बे गिऱ्हाईक एकदाच नेतं. आमच्या पोरीचं, मिरेयचं, लग्न जुळतंय, मुलगा दंतवैद्य आहे. तुझी खोली जशीच्या तशी ठेवली आहे.

लोक या कार्डासाठी कायकाय करतात आणि तू ते बिस्किटाच्या डब्यात ठेवलं आहेस असं गावी ये-जा करणारी तौफीकची बायको सांगत होती. तिच्याच बरोबर हे पत्र आणि आईसाठी जीवनसत्त्वाच्या गोळ्या पाठवतोय.

तुझा भाऊ,
नखले

*

कफर दुल्ब, २ एप्रिल १९९८

जोझेफचा बाप म्हणून सगळं टोलीडो ज्याला 'अबू जोझेफ' म्हणून मान देतं, त्या माझ्या धाकट्या भावाला,

पत्र खाली बसून वाचलं. दोनदा वाचलं. एवढं करूनही त्यात आई कशी आहे हा प्रश्न सापडला नाही, म्हणून न विचारताच सांगते. आई एक्याण्णव वर्षांची आहे, तिला उचलून कुशीवर वळवावं लागतं, पण जीभ शाबूत आहे. तुझा दुकानासमोर उभा असलेला फोटो दाखवला तर म्हणाली, "हा लठ्ठ कोण? आपल्याला ओळखतो का?" गोळ्या तिने थुंकून टाकल्या. जमीलेच्या कोंबड्यांनी खाल्ल्या, तब्येतीने बऱ्या आहेत.

जमीलेवर आईला सोडून ये म्हणतोस. जमीले स्वतःच्या सासूला उन्हात ठेवून विसरते. उंटावरून शेळ्या हाकायची तुझी सवय समुद्र ओलांडूनही गेली नाही.

आता खोलीचं. 'जशीच्या तशी' म्हणजे तळघरात, बॉयलरशेजारी, खिडकी जमिनीच्या पातळीला, बर्फ पडला की अंधार. अठरा वर्षं झोपले मी तिथे, मला वर्णन नको. तरीही ऐक, आणि वाचून मिशीत हसू नकोस: मला परत यायचं आहे.

कारण इथे मी कुणीच नाही. गावच्या बायकांना मी 'अमेरिकेवाली'. छतावर दह्यात भिजवलेल्या गव्हाचा किश्क वाळत घातला तर म्हणतात, "राहू दे, तुला नाही जमायचं." मी यांच्या आधी शिकलेय ते! आणि हे घर तुझ्या नावावर आहे. द्राक्षमळा तुझ्या नावावर. बाबांनी जाताना मुलगा म्हणून सगळं तुला लिहून दिलं, मला आशीर्वाद दिले. आई गेली की मी इथे तुझ्या कुलपाची राखणदार. तिकडे निदान मिरेय आहे. मी आले तेव्हा तीन वर्षांची होती, माझ्या झग्याला धरून चालायची. तिच्या आयुष्यात मी असायला हवं असं मला वाटतं. हे कार्ड गेलं तर मला कुठेच दार नाही.

तेव्हा येईन. आईचं काय ते देवाने ठरवू दे, तू नको.

वदाद

(कार्ड आता बिस्किटाच्या डब्यात नाही. आईच्या गादीखाली आहे.)

*

टोलीडो, ३ जून १९९८

माझ्या बहिणी,

फोनवर मला बोलता आलं नाही, दुकानात माणसं होती. आई गेली. आता आपण दोघंच. मी शीतपेटीच्या खोलीत जाऊन रडलो, ॲडेललाही कळू दिलं नाही.

मला येता येणार नाही. दुकानाच्या परवान्याची तपासणी याच महिन्यात आहे आणि जोझेफच्या हाती गल्ला द्यायचा म्हणजे काय ते तुला माहीत आहे. पण लोक काय म्हणतील याची मला झोप लागत नाही. आपल्या गत्तास घराण्यातली बाई गेली आणि मुलगा आला नाही, इथपर्यंत ठीक, तो दूर आहे. पण मुलगी चाळिसाव्या दिवसाच्या आधी विमानात बसली, हे मात्र कफर दुल्ब शंभर वर्षं बोलेल. त्यात अबू नसीमच्या घरच्यांना तर निमित्तच हवं असतं.

तेव्हा चाळिसाव्याची प्रार्थना ५ जुलैला होऊ दे, थाटात होऊ दे. बिशप आला पाहिजे, नुसता आपला पाद्री नको. उकडलेल्या गव्हात बदाम भरपूर घाल. चर्चच्या दारात उभं राहून लोकांचा हात हातात घ्यायला आपल्या घरातलं माणूस हवं, आणि ते तूच आहेस.

तुझ्या परवान्याचं म्हणशील, तर सहा दिवस. एवढ्या मोठ्या देशाला सहा दिवसांचं काय पडलंय? मी या लोकांना तीस वर्षं ओळखतो. आईचं दुःख म्हटलं की ते हळवे होतात. काळे कपडे घालूनच विमानात बस.

नखले

*

कफर दुल्ब, १२ जुलै १९९८

अबू जोझेफ,

तुझी प्रार्थना झाली. बिशप आला, अर्धा तास उशिरा, आणि आईचं नाव चुकला. अबू नसीमचं घर सगळं आलं होतं. त्यांनी गहू दोनदा घेतले, आणि बदाम कमी पडले असं फाटकाबाहेर जाऊन बोलले. मी दारात उभी राहून तीनशे माणसांचे हात हातात घेतले. प्रत्येकाने विचारलं, "नखले नाही आला?" आणि प्रत्येकाला मी सांगितलं की तो खूप मोठा माणूस आहे.

नऊ तारखेला बैरूतला गेले, काळे कपडे घालून, तू सांगितल्याप्रमाणे. विमान कंपनीच्या काउंटरवरची मुलगी हळवी झाली नाही. परवान्यावरची तारीख बोटाने दाखवून म्हणाली, "मावशी, हा संपलाय."

"सहाच दिवस," मी म्हटलं. खरं तर एव्हाना दहा झाले होते.

"एक असला तरी संपलाच. तुम्हाला चढवलं तर ते दंड आम्हाला करतील."

"आईचं चाळिसावं होतं."

"देव तुम्हाला आयुष्य देवो," म्हणाली आणि मागच्याला पुढे बोलावलं.

बॅग घेऊन तशीच घरी आले. फाटकात पाहते तर जमीले आमची तांब्याची परात डोक्यावर घेऊन बाहेर पडत होती. म्हणाली, "मला वाटलं तू गेलीस." परात तिच्या डोक्यावरून मी स्वतः उतरवून घेतली.

झहलेत जो कागदपत्रं भरून देतो त्याच्याकडे गेले. तो म्हणाला, अजून एक वाट आहे. बैरूतला व्हिसाचं काम बंद आहे, म्हणून दमास्कसला अमेरिकन वकिलातीत जायचं, परत जाणाऱ्या रहिवाशाचा व्हिसा मागायचा. त्यांना दोन गोष्टी पटवायच्या. इतके दिवस इथे राहणं माझ्या हातात नव्हतं, ही एक. त्याला आईच्या मृत्यूचा दाखला आहे आणि डॉक्टरचं पत्र आहे. दुसरी गोष्ट, माझं घर अजून तिकडेच आहे. त्याला तू आहेस.

म्हणून माझ्या नावाचं तिथे जे असेल ते पाठव. पगाराची चिठ्ठी, कर भरल्याचा कागद, बँकेचं पत्र, विजेचं बिल, काहीही. आणि तुझं शपथपत्र, की मी अठरा वर्षं तुझ्या दुकानात काम केलं आणि परत येऊन करणार आहे. तारीख १७ सप्टेंबरची मिळाली आहे. या वेळी तरी उशीर करू नकोस. हे गेलं तर सगळं गेलं, नखले.

वदाद

*

टोलीडो, २ ऑगस्ट १९९८

प्रिय वदाद,

एवढी घाबरतेस काय? सोबत पत्र आहे. त्यात मी लिहिलंय की तू माझी सख्खी बहीण आहेस, अत्यंत सुस्वभावी आहेस आणि तुला इथे जागा आहे. खाली माझी सही आणि दुकानाचा शिक्का.

बाकीच्या कागदांचं असं आहे की वकील म्हणाला, त्याची गरज नाही. उगाच जास्त कागद दिले की ते जास्त प्रश्न विचारतात. दुकानात काम केलं वगैरे लिहू नये असंही त्याचं मत पडलं. का, ते कायद्याचं आहे, तुला समजणार नाही.

त्यापेक्षा पक्कं काम मी केलं आहे. आपल्या गावच्या प्रमुखाला, मुख्तार फारिसला, फोन लावला. गावातल्या माणसाला मुख्तारच्या दाखल्यापेक्षा मोठं काय? बाबांना सैन्यातून सोडवलं ते मुख्तारच्या कागदाने, मला पासपोर्ट मिळाला तो मुख्तारच्या कागदाने. मी त्याला म्हटलं, "कमी पडू देऊ नकोस, असा लिही की वाचणारा खुर्चीतून उठला पाहिजे." तो म्हणाला, "अबू जोझेफ, माझ्यावर सोड." तू फक्त जाऊन घेऊन ये, आणि त्याच्यापुढे तोंड सांभाळ.

नखले

*

टोलीडो, १० ऑगस्ट १९९८

लाडकी आत्या,

माझं अरबी लिहिणं तू शिकवलंस तेवढंच आहे, चुका असतील. बाबांना सांगू नकोस मी लिहिलं म्हणून.

वकिलाने गरज नाही असं म्हटलं नाही. मीच गाडी चालवत त्यांना नेलं होतं, मी आत बसले होते. वकील म्हणाला, "बहिणीने दुकानात काम केलं असं शपथेवर लिहिलंत, तर अठरा वर्षं तिचा पगार आणि कर कुठे दाखवलात ते विचारतील." बाबा उठलेच. आई म्हणाली, "मग नका लिहू, ती काय तिथे उपाशी आहे?"

मी घर पालथं घातलं. तुझ्या नावाचा एक तरी कागद सापडेल म्हणून तळघरापासून माळ्यापर्यंत. फोन बाबांच्या नावावर. डॉक्टरकडे तुला आईचं विम्याचं कार्ड दाखवून नेलं होतं. बँकेत तुझं काही नाही. मग मला माझी शाळेची प्रगतिपत्रकं आठवली. त्या सगळ्यांवर तू सही करायचीस, मी स्वयंपाकघराच्या टेबलावर समोर बसायचे. काढून पाहिली. बाराही वर्षं तू आईचं नाव लिहिलं आहेस. अक्षर तुझं आहे, आत्या, पण नाव तुझं नाही.

तुझ्या खोलीत बाबांनी मांसाची मोठी शीतपेटी ठेवली आहे. पलंग गॅरेजमध्ये आहे. तू विचारशील म्हणून सांगितलं.

तू ये. कशीही ये. तुझ्याशिवाय मी लग्न करणार नाही असं मी त्यांना सांगून टाकलं आहे.

तुझी,
मिरेय

*

कफर दुल्ब, २१ सप्टेंबर १९९८

नखले,

हे पत्र नेणाऱ्याला सांगितलं आहे की तुझ्याच हातात द्यायचं, तेही दुकानात, लोक असताना.

मुख्तारचा दाखला आणायला मी गेले होते. अक्रोडाखाली बसून त्याने तो मला मोठ्याने वाचून दाखवला आणि नंतर तीन शिक्के मारले. तू म्हणालास ते खरं, त्याने कमी पडू दिलं नाही. त्यात लिहिलंय की मी, वदाद गत्तास, कफर दुल्बच्या मातीतली, इथे जन्मलेली, इथेच राहणारी. गावात माझं स्वतःचं घर आहे आणि द्राक्षमळा आहे. सगळं गाव मला आपली मुलगी मानतं. आणि एक दिवसही माझं मन या गावातून निघालेलं नाही. खाली बारा माणसांच्या सह्या. अबू नसीमची सही सगळ्यांत मोठी.

घर माझं नाही, मळा माझा नाही, आणि गाव मला किश्कला हात लावू देत नाही, हे मला माहीत होतं की. तरी मी काय केलं, सांगू? रडले. सत्तावन्न वर्षांत माझ्याबद्दल कुणी इतकं चांगलं कागदावर लिहिलं नव्हतं. मुख्तारच्या बायकोने पाणी आणून दिलं. आणि मी मूर्खासारखा तो कागद फाइलमध्ये सगळ्यांत वर लावला, तुझ्या शिक्क्याच्या पत्राच्याही वर. आपण सगळे असेच. कुठलंही काम असो, आधी दाखवायचं की आपण किती मुळांचे, किती घरंदाज. तूही तसलाच, तीस वर्षं तिकडे राहून.

दमास्कसला पहाटेच्या टॅक्सीने गेले. खिडकीत एक अधिकारी, तरुण, चष्मा लावलेला. शेजारी दुभाषी बाई, होम्सकडची, बोलण्यावरून कळलं. त्याने विचारलं, "तुम्ही राहता कुठे?"

"टोलीडोला," मी म्हटलं. पत्ता पाठ होता, तोही म्हणून दाखवला.

त्याने वरचा कागद बाईकडे सरकवला. तिने वाचायला सुरुवात केली आणि 'स्वतःचं घर' आलं तेव्हा थांबून माझ्याकडे पाहिलं. हळूच अरबीत म्हणाली, "ताई, हे कुणी लिहून दिलं तुम्हाला?"

"मुख्तारने."

"का?"

"भावाने सांगितलं."

तिने डोळे मिटले आणि पुढचं वाचलं. नोकरीच होती ती तिची.

अधिकारी म्हणाला, "या कागदाप्रमाणे तुमचं घर इथे आहे, शेती इथे आहे, तुम्ही इथेच राहता."

"तसं नाही. गावाकडे असंच लिहितात."

"बरं. मग अमेरिकेत तुमच्या नावावर काय आहे? घर?"

"नाही."

"भाड्याचा करार? बँकेचं खातं?"

"नाही."

"कर कधी भरलात?"

"भावाने भरले असतील."

"त्यांनी त्यांचे भरले असतील. तुमचे?"

मागे रांग होती, पण त्याने घाई केली नाही, हे मला कबूल केलं पाहिजे. तुझं पत्र त्याने दोनदा वाचलं. म्हणाला, "यात तुम्ही सुस्वभावी आहात असं लिहिलंय."

"आहे मी."

"अठरा वर्षं म्हणालात. या अठरा वर्षांत तुम्ही तिथे होतात हे दाखवणारा, तुमचं नाव असलेला, एक कागद? कसलाही चालेल."

मी विचार केला, नखले. देवाशपथ, खूप विचार केला. रोज पहाटे चारला उठून मी तुझ्या दुकानाची भाकरी भाजली. द्राक्षाची पानं इतकी गुंडाळली की बोटं हिरवी राहायची. तुझी तिन्ही पोरं वाढवली, गोवर, कांजिण्या, सगळं काढलं. ॲडेलच्या दोन बाळंतपणांत घर माझ्या डोक्यावर होतं. आणि त्या माणसाला द्यायला माझ्याकडे काय होतं? तुझा शिक्का.

"नाही," मी म्हटलं.

त्याने चष्मा काढला. "मग तुम्ही तिथे काय करत होता?"

"स्वयंपाक."

दुभाषी बाईने ते इंग्रजीत सांगितलं. तो म्हणाला, मला वाईट वाटतं, पण हा व्हिसा देता येणार नाही.

मला त्याचा राग नाही. त्याने पाच मिनिटांत जे विचारलं ते तुला अठरा वर्षांत सुचलं नाही. मला मुख्तारचाही राग नाही, त्याला एवढंच येतं. मला संताप येतो तो तुझा. वकील काय म्हणाला ते मला कळलं आहे, कुणाकडून ते विचारू नकोस. एक पान खरं लिहायचं होतं तुला. त्यासाठी तुला दंड झाला असता. तू दंड वाचवलास आणि बहीण दिलीस. खोलीतही मांस ठेवलंस म्हणे. चांगलं केलंस, थंड राहील.

मी इथे रात्रंदिवस रडते आहे असं समजू नकोस. रडून झालं.

वदाद

*

टोलीडो, १५ ऑक्टोबर १९९८

माझ्या बहिणी,

पत्र दुकानात, अबू नसीमच्या पुतण्यासमोर मिळालं. तुझी इच्छा पुरी झाली.

त्या गाढव फारिसला मी फोनवर काय काय बोललो ते त्याच्या बायकोला विचार. घर आहे म्हणे! मळा आहे म्हणे! अक्कल गहाण ठेवून लिहितात. तू तरी वर कशाला लावलास?

बाकी तू जे लिहिलंस त्यावर मी बोलत नाही. मी तुला आणलं, खाऊ-पिऊ घातलं, परक्यासारखं कधी वागवलं नाही. घरच्या माणसाला कोणी पगाराची चिठ्ठी देतं का? तूच सांग. मी वाईट माणूस नाही, वदाद. मला कधी वाटलंच नाही की कुणी विचारील.

आता व्यवहाराचं बोलू. मिरेय हट्टाला पेटली आहे. तू नसलीस तर चर्चमध्ये पाऊल ठेवणार नाही म्हणते. मुलाकडचे लोक विचारायला लागलेत. आईचं वर्ष संपलं की, ६ जून १९९९ ला, लग्न ठरवलं आहे. चारशे माणसं आहेत आणि ॲडेलला खजूर भरलेले मामूल करता येत नाहीत हे सगळ्या पंचक्रोशीला माहीत आहे.

वकिलाला पुन्हा गाठलं. तो म्हणतो, कार्ड आता गेलंच, ते आपण होऊन परत कर, सही कर आणि पाहुणी म्हणून व्हिसा माग. पाहुणीला ते उलटं विचारतात: परत जाशील याला पुरावा काय, गावात घर आहे का, जमीन आहे का. फारिसचा कागद तिथे नेमका चालेल म्हणे, फक्त घराचा उतारा जोडला पाहिजे, तुझ्या नावाचा.

म्हणून मी जोझेफला घेऊन जाऊन मुखत्यारपत्र करून पाठवतो आहे. झहलेच्या कचेरीत जा आणि घर नि मळा तुझ्या नावावर करून घे. दाखवण्यापुरतंच. लग्न झालं की परत माझ्या नावावर करू. मे महिन्याच्या सुरुवातीलाच ये, म्हणजे मामूलला वेळ मिळेल. पलंग गॅरेजमधून आणून ठेवतो.

नखले

*

कफर दुल्ब, २० फेब्रुवारी १९९९

नखले,

कचेरीत चार खेपा झाल्या, पण झालं. कारकुनाने जाड वही काढली, तुझं नाव खोडलं आणि खाली माझं लिहिलं. वदाद गत्तास, घर, अंगण, विहीर आणि अकरा ओळींचा द्राक्षमळा. मी त्याला म्हटलं, "जरा मोठ्या अक्षरात लिही." तो म्हणाला, "ताई, रकाना एवढाच आहे." रकान्यात बसलं.

दमास्कसला गेले होते. तोच अधिकारी, तीच बाई. कार्ड मी काचेखालून सरकवलं आणि सही केली. वाटलं तितकं जड गेलं नाही. अठरा वर्षं ते तुझ्या दुकानाच्या तिजोरीत होतं, माझ्याकडे दोनच वर्षं राहिलं, सवय लागायला वेळच मिळाला नव्हता. मग त्याने मुख्तारचा कागद पुन्हा वाचला, या वेळी उतारा जोडून, आणि म्हणाला, "आता हे खरं आहे का?"

"आता खरं आहे," मी म्हटलं. बाई हसली. शिक्का बसला.

आता व्यवहाराचं मीही बोलते. मी २ जूनला येते आणि २३ जूनला परत जाते. मेमध्ये नाही येत. मेमध्ये मळ्याची कामं असतात आणि मळा माझा आहे. परत नावावर करण्याचं तू लिहिलं होतंस. तसं काही होणार नाही. तू गावाला आलास तर तुझ्यासाठी दार उघडं आहे, जेवायला मिळेल, आणि कुठे झोपायचं ते मी सांगेन. खिडकीची खोली देईन, घाबरू नकोस.

मामूल विकत आण. शिकागोत चांगले मिळतात असं ऐकते. मिरेयच्या केसांत फुलं मी माळीन, तेवढं माझं. बाकी कशालाही हात लावणार नाही. पाहुणी म्हणून बोलावलंस ना? मग पाहुण्यासारखी येईन, मिठाईचा डबा घेऊन, पुढच्या दाराने. आणि बसेन वरच्या बैठकीत, त्या प्लास्टिक घातलेल्या कोचावर, जो मी अठरा वर्षं पुसला आणि ज्यावर कधी बसले नाही. पलंग गॅरेजमध्येच राहू दे. मी मिरेयच्या खोलीत झोपणार आहे, तिला लिहिलं आहे.

ॲडेलला सांग, मी कॉफी बिनसाखरेची घेते. अठरा वर्षं कॉफी मीच करायचे, तिला कधी विचारावं लागलं नव्हतं.

तुझी बहीण,
वदाद